मरीआईचा गाडा

दिवाळीच्या अंकात पटकी आणि प्लेग यांचा विषय काढणे म्हणजे फराळाच्या ताटात काढ्याची वाटी ठेवण्यासारखे आहे, हे मला समजते. वाचकांनी हवे तर चकली-करंजी आटोपल्यावर हा लेख वाचावा. पण मी राहते ते गाव असे आहे की, येथे बसून रोगराई कोणत्या वाटेने येते याचा विचार न करणे मला तरी जमलेले नाही.

पळसदरी म्हटले की मुंबईकरांना पावसाळी धबधबे, स्वामी समर्थांचा मठ आणि खोपोली लोकलच्या खिडकीतून दिसणारा तलाव आठवतो. कर्जत सोडले की पहिलेच स्टेशन आमचे. तो तलावही रेल्वेचाच. कोळशाच्या इंजिनांची तहान भागवण्यासाठी बांधलेला. १८५६ साली मुंबईहून निघालेली आगगाडी आमच्या दारावरून खोपोलीपर्यंत जाऊ लागली. पुढचा बोरघाट उतारूंनी पालखीत बसून, तट्टावरून नाहीतर पायी चढायचा. १८६३ साली घाटातून रूळ गेले, आणि त्या चढाचा पायथा ठरली आमची पळसदरी. साहेबाने आपल्या कागदपत्रांत गावाचे नाव 'पडसधरी' असे काहीतरी करून ठेवले होते. पळसाचे पडसे झाले! मराठी शिकवणाऱ्या बाईला यात गंमत वाटणारच. पण त्या घाटात माणसांना झाले ते पडसे नव्हते, पटकी होती.

घाटाच्या कामावर एका वेळी चाळीस हजारांवर मजूर होते. १८५९-६० च्या सुमारास त्यांच्या झोपड्यांतून पटकीचा असा काही फेरा आला की, माणसे पटापट मेली आणि उरलेली कामे टाकून पळाली. सॉलोमन ट्रेडवेल हा कंत्राटदार १८५९ साली विलायतेहून आला आणि थोड्याच आठवड्यांत आजारी पडून वारला. त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने ते कंत्राट अंगावर घेतले आणि इंजिनिअरांकरवी तडीस नेले. तिचे नाव निदान रेल्वेच्या इतिहासात आहे. मजुरांची नावे कोणी लिहून ठेवली?

लंडनच्या डॉ. जॉन स्नो यांनी १८५४ सालीच पटकी पाण्यातून पसरते हे एका सार्वजनिक पंपाच्या उदाहरणाने दाखवून दिले होते. पण ते वैद्यकातल्या मोठ्या मंडळींनाच पटले नव्हते, मग बोरघाटात सुरुंग उडवणाऱ्या इंजिनिअराला कोण सांगणार? रॉबर्ट कॉख यांनी पटकीचा जंतू ओळखला तो १८८३-८४ साली, म्हणजे घाटातून गाड्या धावू लागून वीस वर्षे झाल्यावर. दगड फोडण्याचे शास्त्र एका टेबलावर, पाण्याचे दुसऱ्या टेबलावर, आणि मजूर मधल्या जागेत.

आपल्या लोकांपाशी पटकीवर एकच तोडगा होता, तो म्हणजे मरीआईचा गाडा. साथ आली की लहानशा गाड्यात देवी बसवायची, हळदकुंकू वाहायचे, लिंबू-नारळ ठेवायचे आणि वाजतगाजत गाडा शिवेपलीकडे नेऊन सोडायचा. शेजारच्या गावाने तो पुढच्या शिवेवर ढकलायचा. माझ्या विद्यार्थ्यांना हे सांगितले की ते हसतात. मी त्यांना म्हणते, बाबांनो, हसा. पण एखादा कागद एका खात्यातून दुसऱ्या खात्यात कसा जातो ते पाहिले आहे का? माणसाचा ताप आरोग्य खात्याचा, गाईचा ताप पशुसंवर्धनाचा, माकड मेले तर वनखात्याचे, उंदीर मेला तर नगरपालिकेचा. प्रत्येक जण आपली शीव राखून असतो आणि गाडा पुढे जातो.

१८९६ च्या पावसाळ्याअखेर मुंबईच्या मांडवी भागात जे घडले ते या दृष्टीने फार बोलके आहे. मांडवी म्हणजे धान्याच्या वखारींची वस्ती. तेथील डॉ. अकॅशियो व्हिएगस हे मूळचे गोव्याचे, आणि मुंबई कॉर्पोरेशनचे सभासदही. सप्टेंबरमध्ये त्यांनी एका रोग्याच्या तापाचे निदान 'गाठीचा प्लेग' असे केले आणि ते उघडपणे सांगितले. धोबीतलावाला मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आहे; पुष्कळांना तो कोणाचा हे ठाऊक नसते. डॉक्टरांच्या धैर्याबद्दल आदर आहेच. पण त्यांच्याही आधी काहीतरी विपरीत घडत आहे हे वखारींतल्या हमालांच्या डोळ्यांसमोर होते, कारण पोत्यांच्या आडून उंदीर बाहेर येऊन पडत होते. हमालाला कोण विचारतो? अधिकाऱ्यांनी गटारे समुद्राच्या पाण्याने आणि कार्बोलिकने धुऊन काढली. उंदराच्या अंगावरील पिसू रोग पसरवते हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने कराचीत दाखवले ते १८९८ साली.

पुढे खेड्यापाड्यांतल्या लोकांनी मात्र स्वतःच्या अनुभवाने एक नियम बांधला. उंदीर पडला की घराला कुलूप घालायचे आणि माळावर झोपड्या टाकून राहायला जायचे. 'उंदीर पडणे' हा शब्दप्रयोग तेव्हापासून मराठीत एवढा रुळला की, आमच्या आजीच्या पिढीतल्या बायका तो नुसता उच्चारला तरी बोलायचे थांबत. सरकारी पुस्तकात शिरायला ज्या गोष्टीला काही वर्षे लागली, ती घराघरांतून आधीच पाळली जात होती.

पण त्या पहिल्या हिवाळ्यात जवळजवळ निम्मी मुंबई शहर सोडून पळाली. पुष्कळ लोक आमच्याच रुळांवरून घाट चढून गेले आणि त्यांच्याबरोबर रोगही गेला. कल्याणसारख्या स्थानकांवर उतारूंना खाली उतरवून डॉक्टर तपासत. काखा-जांघा चाचपून गाठ आहे का बघत. परपुरुषाने भर फलाटावर बायकांच्या अंगाला हात लावायचा, या कल्पनेने केवढा गहजब झाला असेल याची कल्पना करावी. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा झाला. अवघ्या चार कलमांचा हा कायदा, पण अधिकाऱ्याच्या हाती अमर्याद सत्ता देणारा. तोच कायदा २०२० च्या मार्चमध्ये कोरोनाच्या वेळी पुन्हा बाहेर काढावा लागला.

पुण्यात त्या सत्तेचे काय झाले ते सर्वांना माहीत आहे. रँडसाहेबांच्या प्लेग कमिटीने गोरे सोजीर घराघरांत घातले. देवघर म्हटले नाही, माजघर म्हटले नाही. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. शाळेच्या पुस्तकात ही कथा देशभक्तीची म्हणून येते आणि ती तशी आहेच. पण तिची दुसरी बाजू रोगाच्या हिशेबाने पाहण्याजोगी आहे. ज्या घरात कोणाला गाठ आली त्या घराने ती कळवायची म्हणजे काय? सोजीर दारात बोलवायचे, रोग्याला इस्पितळात पाठवायचे, माणसांना छावणीत न्यायचे आणि सामान होळीत. तेव्हा लोकांनी रोगी माळ्यावर लपवले. ज्यांच्याकडून पहिली खबर यायची त्यांचीच तोंडे सरकारने बंद करून टाकली. त्याच काळात हडपसरजवळ सावित्रीबाई फुले आणि त्यांचे चिरंजीव डॉ. यशवंतराव आपल्या दवाखान्यात प्लेगचे रोगी आणत होते. त्यांच्याकडे माणसे आली, कारण आणणारा हात ओळखीचा होता. १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई स्वतःच त्या रोगाने गेल्या. टिळकांनीही पुण्यात हिंदूंसाठी वेगळे प्लेग इस्पितळ उघडले होते. लोकांचा विश्वास बसेल अशी जागा असली तर लोक येतात, एवढे तरी यावरून दिसते.

मुंबईत हाफकिनसाहेबांचे काम त्याच वर्षी चालले होते, आणि ते मला या सगळ्या काळोखात फार समाधान देते. वाल्डेमार हाफकिन हे ओडेसाचे ज्यू शास्त्रज्ञ. १८९६ च्या ऑक्टोबरात ते मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना जागा मिळाली ती अगदी तोकडी. हाताखाली एक कारकून आणि तीन-चार शिपाई. प्लेगचे जंतू रश्श्यात वाढवायचे, त्यावर तुपाचे थेंब सोडायचे, म्हणजे त्या थेंबांना धरून जंतू खाली लोंबत वाढतात. मग ते उष्णतेने मारायचे की लस तयार. आपल्या घरचे तूप प्लेगाच्या लशीला उपयोगी पडले, हे वाचून गृहिणींना अभिमान वाटायला हरकत नाही. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती लस आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा तेथील कैदी स्वेच्छेने पुढे आले.

पुढे ही लस प्रयोगशाळेच्या बाहेर पडली ती एकट्या शास्त्रज्ञाच्या बळावर नव्हे. आगाखानांनी आपला बंगला प्रयोगशाळेला दिला आणि आपल्या अनुयायांसमोर स्वतः लस टोचून घेतली. जातीजातींच्या पंचायतींनी आपापली इस्पितळे काढली. १८९९ साली परळचा जुना गव्हर्नरचा बंगला प्रयोगशाळेला मिळाला. तीच आजची हाफकिन संस्था. तुरुंगाधिकारी, धर्मगुरू, व्यापारी, सरकार आणि शास्त्रज्ञ अशी पाच प्रकारची माणसे एका लशीभोवती जमली म्हणून ती लोकांच्या दंडापर्यंत पोचली. यातले कोणी दुसऱ्याच्या हाताखाली नव्हते, हे विशेष.

प्लेगाच्या जंतूंची आणखी एक हकीगत आहे. ती एखाद्या रहस्यकथेत शोभावी, पण कोर्टात शाबीत झालेली आहे. १९३३ च्या नोव्हेंबरात हावडा स्टेशनच्या गर्दीत पाकूरच्या जमीनदार घराण्यातील अमरेंद्र पांडे या तरुणाच्या दंडाला कोणीतरी काहीतरी टोचले आणि तो इसम पसार झाला. आठएक दिवसांत तरुण मेला. रक्त तपासले तर प्लेगचे जंतू! कट रचला होता त्याच्या सावत्र भावाने, इस्टेटीपायी, आणि साथीदार होता एक डॉक्टर. जंतू कोठून आले? मुंबईहून. हाफकिन संस्थेने वरिष्ठ अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून जंतू देण्याचे नाकारले होते. मग त्याच डॉक्टरने शिफारस मिळवून आर्थर रोडच्या साथरोग इस्पितळात काम करण्याची सोय करून घेतली. एका दारावर कुलूप होते, दुसरे दार उघडे होते, आणि पहिल्याने दुसऱ्याला सावध केले नव्हते. रोगजंतूंचे शस्त्र करू नये असा आंतरराष्ट्रीय करार १९७२ साली झाला. भारत त्यात सामील आहे. पण करार राष्ट्राराष्ट्रांत होतात. दोन इमारतींमधली बोलाचाली कराराने सुरू होत नाही.

आता थोडे माझ्या विषयाचे, म्हणजे भाषेचे. १९१८ साली फ्लूची जी जगड्व्याळ साथ आली तिला महाराष्ट्रात लोकांनी नाव दिले 'मानमोडी'. आणि कोंबड्या माना टाकून मरतात त्या राणीखेत रोगालाही आपला शेतकरी 'मानमोडी'च म्हणतो. माणसाच्या आणि कोंबडीच्या आजाराला एकच शब्द! दोन्ही रोग वेगळे, त्यांचे विषाणूही वेगळे. पण नाव ठेवणाऱ्याने आपल्या अंगणाचे दोन भाग पाडले नव्हते. आज 'एक आरोग्य' म्हणून ज्या विचाराचा गाजावाजा होतो, ज्यासाठी नागपूरला राष्ट्रीय संस्थेची पायाभरणी २०२२ साली झाली, तो हाच: माणूस, जनावर आणि रान यांचे आरोग्य एका नजरेने पाहायचे.

नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला २००६ सालच्या फेब्रुवारीत कोंबड्या मरू लागल्या तेव्हा पहिला समज झाला तो मानमोडीचाच. भोपाळच्या प्रयोगशाळेने सांगितले की हा बर्ड फ्लू आहे. भारतात तो प्रथमच आलेला. मग मात्र कामे झपाट्याने झाली. पशुवैद्य, आरोग्य कर्मचारी, महसूल, पोलीस सगळे एकत्र आले. लाखो कोंबड्या मारून पुरल्या. तापाच्या माणसांचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे गेले. एकाही माणसाला लागण झाल्याचे निघाले नाही. पण कुक्कुटपालक मात्र धुपले. पहिली कोंबडी मेली तेव्हाच कळवायचे, तर आपल्याबरोबर सगळ्या गावाचा धंदा बसणार, ही भीती त्यांना वाटली असल्यास नवल नाही.

याच पुण्याच्या संस्थेची एक जुनी कामगिरी आहे. तेव्हा तिचे नाव व्हायरस रिसर्च सेंटर असे होते. १९५७ साली शिमोग्याकडच्या क्यासनूर रानात माकडे मरू लागली आणि पाठोपाठ माणसांना ताप येऊ लागला. आफ्रिकेतला पीतज्वर आला की काय अशी धास्ती पडली. पुण्याच्या शास्त्रज्ञांनी रानात मुक्काम ठोकून नवाच विषाणू शोधून काढला. तो गोचिडांतून येतो. माकड मरून पडले की त्याच्या अंगावरच्या गोचिडी रानात पसरतात आणि सरपण-पाचोळा आणायला जाणाऱ्यांना चावतात. लोकांनी त्याला साधे नाव दिले, माकडताप. २०१५ साली तो गोव्याच्या सत्तरीत आणि २०१६ साली सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात आला. काजूच्या हंगामात बागेत राबणाऱ्या माणसांना त्याने गाठले. तेथे आता माकड मेलेले दिसले की वनखात्याला कळवतात, पशुवैद्य येतो, नमुना जातो, आसपास औषध मारतात, आणि रानात जाणाऱ्यांना गोचिडी दूर ठेवणारे तेल देतात. हे तेल मुळात संरक्षण खात्याच्या शास्त्रज्ञांनी बनवलेले! मेलेल्या एका माकडाभोवती चार खाती जमतात. परंतु पहिला निरोप अजूनही त्या काजूवाल्याने किंवा गुराख्यानेच द्यायचा असतो, आणि 'माकड तूच मारलेस काय?' असा उलटा प्रश्न येईल, ही धाकधूक त्याच्या मनात असते.

हे सगळे वाचून झाल्यावर मला वाटले, दूरचे पुरे. आपल्या गावात काय आहे ते पाहावे. माकडताप आमच्या रानापासून दूर आहे. पण येथे रान आहे, तलाव आहे, कोंबड्यांच्या शेडी आहेत, शनिवार-रविवारी धबधब्यावर लोटणारी मुंबई आहे, आणि दिवसरात्र जाणाऱ्या गाड्या आहेत. म्हणून दोन-तीन रविवार मी एकच प्रश्न घेऊन फिरले: काही विपरीत दिसले तर तुम्ही कोणाला सांगाल?

रेल्वेच्या गँगमध्ये तीस वर्षे काढलेले एक काका म्हणाले, "बाई, रुळावर जनावर मेलं की बाजूला करायचं. का मेलं ते विचारणं आपलं काम नव्हे." शाळेतले गुरुजी मात्र विचारात पडले. एका वाडीची पाच-सहा पोरे एकदम गैरहजर राहिली की काहीतरी आहे हे त्यांना हजेरीपटावरून दुसऱ्या दिवशीच कळते. "पण तो हजेरीपट डॉक्टरांनी कधी मागितला नाही, आणि मीही नेऊन दाखवला नाही," असे ते म्हणाले. औषधांच्या दुकानदाराचे तेच. तापाच्या गोळ्यांचा खप एकाएकी वाढला तर त्याच्याइतके लवकर कोणालाच समजणार नाही. आशाताईंकडे जाड वही होती. ताप, जुलाब, खोकला, सगळ्याची नोंद, दर आठवड्याला. २००४ पासून देशात रोगांवर नजर ठेवण्याचा जो कार्यक्रम चालू आहे त्याचा पाया या वह्याच आहेत. मी विचारले, "कोंबड्या मेल्या तर कुठे लिहिता?" त्या हसल्या. "कोंबड्यांचा रकाना नाही यात."

मग मला वाटले, चौघांना एका ठिकाणी बसवले तर? शाळेच्या ओसरीवर आम्ही बसलो. गुरुजी, आशाताई, गँगवाले काका, दुकानदार, आणि माझ्या ओळखीचे एक पशुवैद्य गृहस्थ मुद्दाम रजेच्या दिवशी आले. सभा, ठराव असे काही नव्हते, चहा होता. गुरुजींनी गैरहजेरीचा आकडा आशाताईंना फोनवर सांगायचे कबूल केले. दुकानदार म्हणाला की नावे सांगणार नाही, आकडा सांगेन. ते बरोबरच आहे. आशाताईंनी वहीच्या शेवटच्या पानावर हाताने एक रकाना आखला: 'जनावरे, कोंबड्या, इतर'. काकांनी 'इतर'मध्ये माकड आणि कोल्हा येतो का ते विचारून घेतले.

वरच्या ठाकरवाडीतली एक म्हातारी आजीबाई ओसरीच्या पायरीवर बसून हे ऐकत होती. तिच्या खुराड्यात वीस-पंचवीस गावठी कोंबड्या. तेच तिचे पोस्टातले खाते. ती म्हणाली, "आमी सांगू वो बाई. पन सांगितलं की सगळ्या मारून टाकत्यात. मंग आमी खावं काय?"

ओसरीवर कोणी बोलेना. या प्रश्नाला उत्तर द्यायचे काम होते पशुवैद्यांचे. त्यांनी ते आडपडदा न ठेवता दिले. बर्ड फ्लू ठरला आणि सरकारने कोंबड्या मारल्या तर मारलेल्या कोंबड्यांची भरपाई मिळते. रोगाने आधीच मेलेल्यांची मिळत नाही. भरपाई यायला वेळ लागतो, आणि ती बाजारभावाइतकी असेलच असे नाही, हेही त्यांनी सांगितले.

आजीने मनाशी हिशेब केला. "म्हंजी दोन मेल्या की लगीच सांगायचं. वीस मरस्तवर थांबलं तर वीस गेल्या."

"होय, आजी."

"आन् कोंबडा धरत्यात का त्यात, का नुसत्या कोंबड्याच?"

कोंबडाही धरतात, असे पशुवैद्य म्हणाले. आजीने त्यांचा फोननंबर मागितला. तिला वाचता येत नाही, म्हणून नातवाकडून तो खुराड्याच्या दाराच्या फळीवर खडूने लिहून घ्यायचे ठरले. पावसाने पुसेल म्हणून गुरुजींनी शाळेतला तेलरंगाचा डबा आणि ब्रश तिच्याबरोबर पाठवून दिला.